बुंध्यावरचा झेंडा

१

लालबागच्या वीर मारुती व्यायामशाळेतला मल्लखांब सकाळी कापून आडवा पडलेला सापडला, आणि ही बातमी रखमाआजीच्या आधी अख्ख्या गल्लीला कळली. खांबाचा अपमान झाला तो झालाच. पण गल्लीला आपल्या आधी काही कळावं, हा आजीला त्याहून मोठा अपमान वाटला.

"मला सांगणार होतात की नाय? की थेट माझ्या तेराव्याला सांगणार होतात?"

"आजी, तुझ्या तोंडाला भिऊन कोणी जिना चढेना," नात अपेक्षा दारातून म्हणाली. तिचे डोळे रडून सुजले होते. "खाली सगळे एकमेकांना ढकलत होते. शेवटी मीच आले."

"माझं तोंड काय वाघाचं आहे?" असं वाघासारखंच गुरकावून आजीने पदर खोचला आणि जिना उतरली.

खांब साधा नव्हता. गिरण्या चालू होत्या तेव्हा आजीचा धनी बुधाजी घाडीगावकर आणि त्याच्या खात्यातली मंडळी रे रोडच्या वखारीत गेली, शिसवीचा सोट निवडला आणि खांद्यावरून वाजतगाजत लालबागला आणला. गिरण्या गेल्या, भोंगा गेला, बुधाजीही गेला. खांब तेवढा उभा होता. रोज एरंडेल पिऊन काळा तुकतुकीत झालेला. त्याच्यावर पोरं उलटीसुलटी होत, आणि आजी गॅलरीतून "पाय सरळ कर मेल्या" म्हणून ओरडे.

आणि खांब कापायला मुहूर्त तरी कुठला साधावा? मुंबईला जागतिक युवा क्रीडास्पर्धा हव्या होत्या. कुठल्या शहराला द्यायच्या ते ठरवणारी परदेशी समिती आज चार वाजता इथे, ह्याच गल्लीत येणार होती. मल्लखांब बघायला! तो पाहुण्यांच्या मनात भरला तर स्पर्धेत त्याला जागा मिळणार होती, आणि अपेक्षा एकोणीस वर्षांची, म्हणजे युवा गटात खेळली तर हीच वेळ. समिती महिन्यापूर्वीच यायची होती. पण त्या आठवड्यात बंद झाला, बस जळली, आणि पाहुण्यांचं विमान परस्पर दुसऱ्या देशातल्या शहराकडे वळलं. तेव्हा ते सांगूनच गेले होते, आणखी एकदा येऊ. पुन्हा दगड दिसला तर मुंबईच्या नावावर काट.

व्यायामशाळेत इन्स्पेक्टर शंतनु दीक्षित उभे होते. गिरगावचा शहाणासुरता पोरगा. बूट घालूनच मातीच्या कडेला उभा, म्हणून आजीने आधी त्याला बूट काढायला लावले, मग नमस्कार घेतला.

लाल मातीच्या हौद्यात खांब आडवा होता. कापलेलं टोक मातीच्या ढिगात खुपसलेलं. मधोमध गुडघाभर बुंधा उरलेला, आणि त्या बुंध्याला डोक्यावरून फडकं बांधावं तसा जांभळा झेंडा सुतळीने करकचून आवळलेला.

जांभळा झेंडा ह्याच गल्लीत वाढलेल्या हर्षवर्धनच्या पक्षाचा. स्पर्धा नकोत म्हणून महिनाभर रस्त्यावर उतरलेला पक्ष तो हाच.

"झेंडा सोडा की मग. नुसते बघताय काय?" आजी म्हणाली.

दीक्षितांनी आवाज खाली आणला. "आजी, बाहेर बघा. गल्लीच्या त्या तोंडाला जांभळे, ह्या तोंडाला स्पर्धा हव्यात म्हणणारे पोपटी. जांभळे म्हणतात आमच्या झेंड्याला हात लावाल तर याद राखा. पोपटी म्हणतात पुरावा आहे, हलवाल तर याद राखा. बारापर्यंत हे निवळलं नाही, तर मी वर कळवणार की पाहुण्यांना आणू नका."

बाहेरून घोषणा उठली. तिला उत्तर म्हणून दुसरी उठली. आणि पत्र्याच्या छपरावर पहिला दगड ठण्णकन आदळला.

२

दगडाचा आवाज झाला तसे सगळे बाहेर धावले. आजी धावली नाही. एकतर गुडघे धावू देत नव्हते, आणि दुसरं म्हणजे रिकाम्या घरात माणसाला नीट दिसतं.

काल संध्याकाळी नाक्यावर हर्षवर्धनची सभा होती. कर्ण्यांनी कान किटले होते. वर्ग लवकर सुटला, अपेक्षाने माती खालीवर केली, पाणी शिंपडलं आणि कडी लावून घरी आली. त्यानंतरच कोणीतरी आत शिरून करवत चालवली. त्या गोंगाटात तोफ उडाली असती तरी कळली नसती. मातीवर पावलं उठली होती ती एकाच माणसाची, येतानाची आणि जातानाची. ओल्या मातीत फिसकटून गेलेली, कोणाची ते ओळखू येणार नाही अशी. पण बूट-चपलेचा ठसा एकही नव्हता. अनवाणी!

मग आजीचं लक्ष कोपऱ्यातल्या मारुतीकडे गेलं. मूर्तीच्या तोंडावरून पंचा टाकलेला होता.

"हे कोणी केलं गो?"

"सकाळपासून असंच आहे," अपेक्षा परत आत येत म्हणाली. "मला वाटलं भुसा उडेल म्हणून..."

"कुठला भुसा? दाखव बघू मला चिमूटभर."

अपेक्षाने खाली बघितलं. एवढा जाडजूड खांब कापलेला, पण मातीवर भुश्याचा कण नव्हता.

"म्हणजे बघ," आजी ओट्यावर बसत म्हणाली. "दंगेखोर आला. दाराशी चपला काढल्यान. देवाला दिसू नये म्हणून त्याच्या डोळ्यांवर पंचा टाकल्यान. नासधूस केल्यान, आणि जाताना केर काढून गेला. असला गुणी दंगेखोर माझ्या पोटी का नाय जन्मला?"

"आजी, म्हणजे आपल्यातलाच?"

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. ह्या मातीत चपला काढायची सवय ज्याच्या हाडात मुरली, त्याचंच हे काम. असे कोण कोण? तू. तुला शिकवणारे जयवंत वस्ताद. आणि बाहेर एकमेकांच्या आयाबहिणी काढताहेत ते दोघे, हर्षा आणि पोपट्यांचा विकास. दोघेही इथेच लंगोट बांधायला शिकले."

अपेक्षाचा चेहरा उतरला. "माझ्यावर पण संशय?"

"नात आहेस म्हणून सोडू? आधी सांग, खांबाची शेवटची कसरत कधी केलीस?"

"आठवडा झाला असेल. वस्तादांनी चढूच दिलं नाही. म्हणाले तेल मुरू दे, तोवर दोरीवर कर." तिने वर हात केला. आढ्यावरून मल्लखांबाची दोरी लोंबत होती. धडधाकट, खालच्या टोकापर्यंत शाबूत.

आजीने दोरीकडे बघितलं. काहीतरी मनात टोचलं, पण बाभळीचा काटा जसा टोचतो आणि सापडत नाही, तसं. तेवढ्यात दारातून हर्षवर्धन आत आला. कपाळातून रक्त गळत होतं.

३

"बस खाली," आजी म्हणाली. "अपेक्षा, हळद आण. आणि तू चपला काढ."

रक्ताळलेल्या कपाळाने हर्षवर्धनने वाकून चपला काढल्या. बाहेर हजार माणसं ज्याच्या इशाऱ्यावर उठतात तो माणूस, पण आजीसमोर अजून हर्षाच.

"आजी, मी नाही केलं. आईशप्पथ."

"झेंडा तुझा."

"झेंडे काय, काल सभेत पोरांनी कुंपणाकुंपणाला उंच काठ्यांवर लावलेत. कोणीही एक ओढून घेईल." हळद लागली तसा तो कळवळला. "आणि मी बांधला असता तर गुडघ्याएवढ्या बुंध्याला बांधला असता? आमचा झेंडा आम्ही कधी माणसाच्या डोक्याखाली लावत नाही. वर, तिथे लावला असता. आढ्याला."

हे खरं होतं. पक्षवाल्याला झेंडा लोकांना दिसायला हवा असतो. हा झेंडा तर टोपरं बांधल्यासारखा बांधला होता.

"मग स्पर्धेला कशाला रे आडवा येतोस? तुझी बहीण असल्यासारखी आहे ना अपेक्षा?"

"स्पर्धेला नाही आजी. खेळाडूंच्या राहण्यासाठी ह्या चाळी पाडणार म्हणतात, आणि आमची घरं कुठे ते कोणी सांगत नाही. आधी चाळकऱ्यांची घरं, मग पाहुण्यांची. एवढंच म्हणतोय."

"तुझं म्हणणं खोटं नाय," आजी म्हणाली. "पण दगडाला बोलता येत नाय रे. तोंड कशाला दिलंय देवाने?"

हर्षवर्धन गेला तोच दुसऱ्या दाराने विकास आला. पोपटी पक्षाचा, पाहुण्यांच्या स्वागताचा मंडप ह्याचाच. सदरा असा कडक की बसला तर मोडेल, म्हणून उभाच राहिला. चपला मात्र बाहेर.

"आजी, उघड आहे ना? त्याचाच झेंडा, त्यानेच कापला. तुम्ही फक्त बाहेर येऊन एवढं बोला. लोक तुमचं ऐकतात."

"आणि मी म्हटलं की तूच कापलास आणि त्याचं नाव पुढे केलंस, तर?"

विकासने छातीवर हात मारला. "मी? चार वाजता पाहुण्यांच्या गळ्यात हार कोण घालणार? मी! फोटो कोणाचा येणार? माझा! आईने नवा कोट शिवायला लावलाय मला, आजी. स्वतःच्या वरातीत घोड्याचा पाय मोडतो का कोणी?"

हेही खरं होतं. विकासला स्वतःचा फोटो बापापेक्षा प्यारा.

दोघेही खरं बोलत होते, आणि हीच पंचाईत होती. इतक्यात एक शहरी बाई घाईघाईने आत आली, फोन कानाला. स्पर्धेचं काम सरकारकडून बघणाऱ्या मृणालिनीबाई. त्यांनी दारातच सँडल काढले. मागच्या वेळी आजीने शिकवलं होतं.

"आजी, सगळं संपतंय हो," त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "पाहुणे दादरला जेवायला थांबलेत. दगडफेकीचं त्यांच्या फोनवर पोचलंसुद्धा. एकजण म्हणतोय थेट विमानतळावर जाऊ."

४

"मागे तुम्हीच म्हणालात ना," मृणालिनीबाई म्हणाल्या, "की नात खेळेल तर माझ्या धन्याच्या खांबावरच, नाहीतर पाहुण्यांना चहा पाजून वाटेला लावा? मी म्हटलं होतं आपण दुसरा नवा खांब आणू, स्टेडियममध्ये ठेवू."

"म्हटलं होतं. परत म्हणेन." आजीची मान ताठ. "नवा खांब म्हणजे उसना नवरा."

"तुमच्या त्या बोलण्यामुळेच मी तपासणी ठरवली होती. जुना खांब, मुलगी वर चढणार, म्हणून आज बारा वाजता आमचे इंजिनिअर येऊन ठोकून बघणार होते. आता कशाची तपासणी करतात!"

आजीचं हळदीने माखलेलं बोट हवेतच राहिलं.

"ही तपासणी कोणाकोणाला ठाऊक होती?"

"काल दुपारी वस्तादांना फोन करून सांगितली. फक्त त्यांनाच."

बाहेर काच फुटली. बायकांच्या किंकाळ्या आल्या. दीक्षित आत आले, शर्टाची बाही फाटलेली. "आजी, आता बास. मी वर फोन करतोय, पाहुण्यांना परत फिरवा म्हणून."

"थांब!"

ही 'थांब' अशी होती की दीक्षितांचा हात फोनवरच थांबला. त्यांच्या साहेबांनासुद्धा अशी कधी जमली नव्हती.

आजी दोरीकडे बघत होती. मघाचा काटा आता सापडला होता.

"साहेब, तुम्हाला आजचा खेळ बंद पाडायचाय. काळोख पडायला आलाय, बाहेर कर्णे बोंबलताहेत, हातात करवत आहे. समोर एक शिसवीचा खांब, शेजारी एक दोरी. माझी नात दोन्हीवर खेळते. तुम्ही काय काय कापाल?"

"दोन्ही कापेन. दोरी तर आधी, एका फटक्यात..." दीक्षित बोलता बोलता थांबले.

"मग त्याने दोरी का ठेवली?"

सगळ्यांनी वर दोरीकडे बघितलं.

"कारण त्याला खेळ बंद पाडायचाच नव्हता," आजी म्हणाली. "त्याला नको होता तो एवढा खांब. आणि खांब गेला तरी माझी पोर खेळावी म्हणून तो आठवडाभर तिला दोरीवर घोटून घेत होता."

अपेक्षाने तोंडावर हात दाबला.

हौद्याच्या पलीकडे, तालमीच्या भिंतीला टेकून जयवंत वस्ताद उभे होते, सकाळपासून गप्प. सगळ्यांना वाटलं होतं, दुःखाने बोलत नाहीत.

५

"वस्तादांना मी मागून विचारीन," आजी म्हणाली. "आधी त्या दोघा रेड्यांना आत आणा."

हर्षवर्धन आणि विकास आत आले. दारापाशी दोघांनी एकाच वेळी चपला काढल्या, आणि आपण एकाच वेळी वाकलो म्हणून एकमेकांकडे रागाने बघितलं.

"हर्षा, तुझा झेंडा आहे. तूच सोड. म्हणजे कोणी हात लावला म्हणून बोंब नको. आणि विकास, तू डोळे फाडून बघ. म्हणजे पुरावा हलवला म्हणून बोंब नको."

"आजी, झेंड्याखाली काय असणार?" विकास म्हणाला. "बुंधाच की."

"बुंधाच! सकाळपासून हजार माणसं झेंडा बघताहेत, बुंधा एकानेही बघितला नाय. ज्याने बांधला त्याला ठाऊक होतं ना, मुंबईत आज लोखंडी पेटीपेक्षा झेंडा भारी. कुलूप फोडतील, पण झेंड्याला बोट लावायची कोणाची छाती नाय."

हर्षवर्धन मातीत गुडघ्यावर बसला. सुतळीची गाठ आवळलेली, दातांनी सोडवली. झेंडा त्याने कपाळाला लावून खांद्यावर घेतला, आणि खाली बघून "अगं आई गं" म्हणाला.

बुंधा बाहेरून शिसवी, काळाभोर. आत काही नव्हतंच. हात घालावा एवढी पोकळी, आणि तिच्यात वाळवीने बांधलेली राखाडी माती. हर्षवर्धनने कडेला बोट लावलं तर कवच पापडासारखं मोडलं. दीक्षितांनी आडव्या खांबाचं मातीत खुपसलेलं टोक वर उचललं. तेही तसंच.

"केर का काढला ते कळलं आता?" आजीचा आवाज पहिल्यांदाच जरा हलला. "मला वाटलं सवयीने काढला. नाय. त्या भुश्यात निम्मी वाळवीची माती असणार. एका चिमटीत भांडं फुटलं असतं."

मग ती वळली. "वस्ताद."

जयवंत वस्ताद पुढे आले. सत्तरीला टेकलेला गडी, अजून पोलादी सळईसारखा. पण आजीसमोर उभा राहिला तो निकालाच्या दिवशीच्या पोरासारखा.

"मी कापला, वहिनी."

६

"आठ-पंधरा दिवसांखाली तेल लावताना हाताला कळलं," वस्ताद म्हणाले. "ठोकून बघितला. बद्द वाजला. अपेक्षा वर असती आणि मोडला असता, तर मान..."

"मग बोलायचं होतं की!" मृणालिनीबाई ओरडल्याच. "आम्ही एका दिवसात नवा आणला असता!"

"कोणाला बोलायचं होतं, बाई?" वस्तादांनी आजीकडे बघितलं आणि लगेच नजर खाली घातली. "बुधाजीदादांचा खांब. माझ्या हातात सोपवून गेला माणूस. तो माझ्या डोळ्यांदेखत वाळवीने खाल्ला. कसं सांगू? तीनदा वहिनींच्या जिन्यापर्यंत गेलो. तीनदा परत आलो. मग काल फोन आला, बारा वाजता तपासणी म्हणून. आता चारचौघांत कळणार, आणि वहिनी... म्हटलं, बाहेर रोज काही ना काही मोडतंच आहे. त्यात हे एक खपून जाईल. पोकळी झाकायला काहीतरी हवं होतं, कुंपणावरचा झेंडा हाताला लागला. रोज भांडतात, आणखी एक दिवस भांडतील, एवढंच वाटलं. दगड येतील असं नाही वाटलं, वहिनी. मारुतीची शपथ."

"त्या मारुतीची, ज्याचे डोळे झाकलेत?"

वस्ताद हुंदका देऊन खाली बसले.

आजीच्या जिभेवर सात पिढ्यांचा उद्धार तयार होता. तिने तोंड उघडलंही. आणि सकाळचं अपेक्षाचं वाक्य आठवलं: तुझ्या तोंडाला भिऊन कोणी जिना चढेना. हा माणूस तीन वेळा त्या जिन्यावरून परत गेला होता. पोलिसांना भ्याला नव्हता, दोन पक्षांना भ्याला नव्हता.

"मला भ्यालात," ती म्हणाली, "आणि शहर पेटवलंत?"

आजीने उघडलेलं तोंड मिटलं. लालबागच्या इतिहासात हे प्रथमच घडत होतं, पण बघायला कोणाला वेळ नव्हता, कारण बाहेर आरोळी उठली, "मारा!", आणि पत्र्यावर दगडांचा सडा पडला.

आजीने बुंध्याचं एक हातभर ढलपं उपटलं आणि चालू लागली.

"आजी, बाहेर नका जाऊ!" दीक्षित आडवे आले.

"बाजूला हो रे. माझ्या अंगावर दगड टाकणारा अजून लालबागेत जन्मायचाय. आणि जन्मला असेल तर त्याची आई माझ्या ओळखीची असेल."

ती थेट दोन गर्दींच्या मधल्या रिकाम्या रस्त्यात जाऊन उभी राहिली. पांढरे केस, गुडघ्यात वाकलेली, हातात लाकडाचं ढलपं. मागोमाग हर्षवर्धन, त्याच्या मागे विकास. दोघांनाही चपला घालायचं भान नव्हतं. दगड उचललेले हात वरच राहिले.

"कोणी कापला म्हणून विचारताय ना?" आजी गरजली. "कापला त्याला मी बघून घेईन. पण आधी खाल्ला कोणी, ते बघा!"

ढलपं तिने रस्त्यावर आपटलं. ते फुटलं, आणि वाळव्या डांबरावर सैरावैरा पळाल्या.

"ही बघा. धरा तिला. विचारा तिचा पक्ष कुठला. जांभळी आहे की पोपटी? ज्याला रंग कळला त्याने पहिला दगड मारा! मार ना रे. तू, चष्मेवाल्या, पार्वतीचा ना तू? मार!"

पार्वतीच्या चष्मेवाल्याने हातातला दगड हळूच गटाराच्या झाकणावर ठेवला.

कुठेतरी एक बाई फस्सकन हसली. मग पोपट्यांतून कोणी ओरडलं, "आजी, वाळवी अपक्ष आहे!" आणि जांभळ्यांतून उत्तर आलं, "निवडून आली की बघ कुठे जाते!" मग जो हशा पिकला तो दोन्ही बाजूंनी मधे येऊन मिसळला. हसताना माणसाला दगड धरता येत नाही. हात सैल पडतो.

हर्षवर्धनने ती संधी साधली. झेंडा खांद्यावरून काढून घडी घातली आणि ओरडला, "रस्ता मोकळा करा! पाहुणे येताहेत. आपलं गाऱ्हाणं आपण तोंडाने सांगू!"

मृणालिनीबाई फोनवर किंचाळत होत्या, "गाड्या वळवू नका! ऐका, गाड्या वळवू नका!"

७

गाड्या आल्या. चारला नाही, पण आल्या.

विकासने हार घातले, फोटो काढले. हर्षवर्धनने पाहुण्यांच्या प्रमुख बाईंना चाळी दाखवल्या, ह्या घरातल्या माणसांचं काय ते आधी सांगा म्हणाला, आणि मृणालिनीबाईंनी त्याचा शब्द न शब्द इंग्रजीत सांगितला, एकही न गाळता. मग सगळे अनवाणी होऊन आत आले.

मारुतीवरचा पंचा काढलेला होता. दोरीखाली जयवंत वस्ताद दोन्ही हात वर करून उभे होते, पडली तर झेलायला. तिथे उभं राहायला ते तयार नव्हते. "तुमच्याशिवाय कोण झेलेल तिला?" एवढंच आजी म्हणाली होती.

अपेक्षाने माती कपाळाला लावली, पायाच्या अंगठ्यात दोरी पकडली आणि वर गेली. चढली म्हणणं बरोबर नव्हे. पाणी उलटं वाहावं तशी गेली. आढ्याखाली दोरीचा वेढा कमरेला घालून तिने दोन्ही हात सोडले आणि अंग आडवं पसरलं. पाहुण्यांपैकी एकाने श्वास घेतला तो सोडायचा विसरला. मग ती सुटली. एका गिरकीत वेढे उलगडत थेट खाली, वस्तादांच्या हातांच्या वीतभर वर थांबली. डोकं खाली, पाय वर, आणि पाय सरळ.

आजीला त्या दिवशी ओरडायला काही सापडलंच नाही.

दीक्षितांनी निघताना विचारलं, "आजी, खांब तुमचा. वस्तादांवर तक्रार देणार का?"

"खांब मेलेला होता. त्याला अग्नी दिला म्हणून तक्रार कसली? बूट घाला आणि चालते व्हा."

पुढच्या महिन्यात बातमी आली: मुंबई शेवटच्या दोन शहरांत. निकाल अजून लांब होता, आणि मधे निवडणुका होत्या, म्हणजे दगडांना पुन्हा हात फुटणारच होते. पण मल्लखांबाचं मात्र ठरलं. स्पर्धा कुठेही होवो, हा खेळ तिथे होणार, आणि अपेक्षा जाणार.

नव्या खांबासाठी आजी स्वतः रे रोडच्या वखारीत गेली. सोबत वस्ताद, आणि सोट खांद्यावर वाहायला जांभळा एक आणि पोपटी एक, अशी आजीची आज्ञा. वखारीत आजीने एका सोटावर हात ठेवला. सरळ, काळा, घोटीव. बुधाजीने निवडला होता तसाच हुबेहूब.

"हाच," ती म्हणाली. विषय संपला.

विकास आणि हर्षवर्धन उचलायला वाकले. वस्ताद जागचे हलले नाहीत. त्यांनी बोटाच्या पेराने सोट ठोकला, कान लावला. पुन्हा ठोकला. कपाळाला घाम आला.

"वहिनी," ते म्हणाले. "हा नको. आत चीर आहे."

दोघे वाकलेले तसेच राहिले. वखारवाल्याने करवत बंद केली.

आजीने वस्तादांकडे बघितलं. सोटावरचा हात काढून घेतला.

"मग दुसरा बघा की," ती म्हणाली. "माझ्या तोंडाकडे काय बघताय?"